जीपखाली वाकून कोण बघणार

१० मार्च १९७४, रविवार

आज चावडीवर जीप घ्यायचं ठरलं, आणि मला ते कळलं कुठं, तर आडावर. सरपंच तात्याबांच्या गोजरबाई घागर उचलता उचलता म्हणाल्या, "नर्सबाई, आता तुमच्या बाळंतिणीस्नी गाडी येनार बरं का." अंगाचा तिळपापड झाला माझ्या. गाडी माझ्या बाळंतिणींसाठी, आणि बैठकीला मी सोडून सगळं गाव. ज्याला आपल्या बायकोला कितवा महिना लागलाय ते सांगता येत नाही तोसुद्धा तिथं मांडी घालून बसला होता.

गेल्या पावसाळ्यात शिवबाई गेली ती कुणाच्या मांडीवर? माझ्या. गावापासून अक्कलकोटच्या सडकेपर्यंत दीड कोस नुसतं काळं रान. उन्हाळ्यात डोळे मिटून जावं. पाऊस लागला की तीच माती चाकाला अशी धरते की बैल गुडघे टेकतात. ओढ्याच्या अलीकडं गाडी रुतली आणि शिवबाईनं तिथंच डोळे मिटले. तेव्हापासून मी तात्याबांच्या मागं लागलेय. जीपच हवी, चारही चाकांनी ओढणारी हवी, हे या गावात पहिल्यांदा बोललं कोण? मीच की. ते आता कुणाच्या लक्षातसुद्धा नाही.

यंदा मायाक्काला दिवस गेलेत. धुळाप्पा धनगराची बायको. कंबर अरुंद, पहिलं मूल सोलापूरला चिमटा लावून काढलं, ते दोन दिवस जगलं. पुढचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला पाहिजे, नाहीतर दोघंही जातील, असं डॉक्टरांनी मला स्वतःला बजावलंय. दिवस भरणार सप्टेंबरात, म्हणजे ऐन चिखलात. आणि गाडी कसली घ्यायची ते ठरवणार कोण, तर कुंडलिक. का, तर तो दोन वर्षं ट्रकवर होता.

भीमाला पत्र टाकलं. धाकटा भाऊ माझा, मिलिटरीत ड्रायव्हर आहे. त्याला जेवढं कळतं तेवढं या सगळ्या चावडीला मिळून कळत नाही.

१९ मार्च, मंगळवार

भीमाचं उत्तर आलं. पोरगा जेऊरला शाळेत असताना एक पान शुद्धलेखन लिहायला रडायचा, आता चार पानं लिहिलीत. त्यातलं कामाचं इथं उतरवून ठेवते.

"आक्का, दलाल गाडी आधी गरम करून आणतो, म्हणजे पटकन सुरू होते. तू इंजिन गार पडू दे, मग सुरू करायला लाव. रंग नवा दिसला तर भुलू नको, खाली गंज असतो. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, हातानं चाचपून बघ, जोड लागला तर गाडी सोडून दे. चाक धरून हलवून बघ. आणि सगळ्यात मोठं म्हणजे खाली झोपून बघ. मधल्या पेटीतून दोन शाफ्ट निघतात, लोखंडी दांडकी असतात लांब. एक मागच्या चाकांकडं जातं, एक पुढच्या. पेट्रोल महागल्यापासून लोक पुढचं काढून टाकायला लागलेत. आत ड्रायव्हरजवळचे गिअरचे दांडे जिथल्या तिथं असतात, ते हलतात पण, पण गाडी ओढते दोनच चाकांवर. कोरड्यात काही कळत नाही. चिखलात कळतं. जमलं तर शेतात पाणी सोडून त्यात घालून बघा. पेशंटला निजवायचं असेल तर मागं किती जागा आहे ती आडवं होऊन बघ."

सुवाच्य अक्षरात नक्कल करून तात्याबांना नेऊन दिली. त्यांनी कागद न वाचता घडी घालून पानाच्या चंचीत सारला. "व्हय बाई, बघतो की. तुमी कशाला त्रास घ्येतला."

त्रास घेतला म्हणे. मी जायला निघाले तर कुंडलिक ओट्यावर दात कोरत होता. तो म्हणाला, "शेतात पानी सोडायचं गाडीसाटी? आडात प्यायला न्हाय, बाई." सगळे हसले. मुडदा बशीवला त्याचा.

२४ मार्च, रविवार, पाडवा

आज मी ठरवून गेले होते. आधी तपासणी, मग पूजा. भीमाचं पत्र हातात होतं.

नऊ वाजता जीप आली. हिरवाकंच रंग, झेंडूच्या माळा, समोर लिंबू-मिरची. दलाल पांढराशुभ्र लेंगा-सदरा घालून उतरला आणि हात जोडत सुटला. मिलिटरीतून निघालेली गाडी आहे म्हणाला, डोंगर चढलेली. मी सगळ्यांदेखत तात्याबांना सांगितलं, की आधी खालून बघायचं. ते म्हणाले, "म्हूर्त धापर्यंत हाय, बाई. पाडव्याला आलेली लक्ष्मी दारात ताटकळत ठिवू व्हय?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात गोजरबाईंनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. "पयला मान तुमचा, नर्सबाई. तुमच्यामुळं तर आली गाडी."

नवऱ्यानं टाकल्याला आठ वर्षं झाली मला. या आठ वर्षांत एका बाईनं माझ्या हातून ओटी भरून घेतली नाही, की हळदीकुंकवाला मला सवाष्णींच्या ओळीत बसवलं नाही. लहान मूल माझ्या हातात जन्मतं, आणि बारशाला मला दाराशी बसवतात. आज सगळ्या सवाष्णी मागं आणि ताट माझ्या हातात. मला रडू आलं. कशाला खोटं लिहू, हुंदकाच आला. मी ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली, स्वस्तिक काढलं. नारळ तात्याबांनी फोडला. बायका म्हणाल्या, बाईंनी किती सुरेख स्वस्तिक काढलं.

नंतर मी कुंडलिकला म्हणाले, खाली वाक, बघ तरी. तो म्हणाला, "पूजा झाली की बाई. आता लक्ष्मीच्या अंगाखाली पाय पसरून झोपू?" तेही खरंच. सगळे चपला काढून उभे होते. मी पण हसले. कुंकू लागलेल्या गाडीखाली कोण शिरणार?

आत दोन्ही दांडे होते, मी मोजले. कुंडलिकानं हलवून दाखवले. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, म्हणजे गाडी चांगलीच असणार.

धुळाप्पा लांब, माळाच्या कडेला उभा होता. मेंढरं सोडून आला होता बिचारा. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, खालनं बघिटली का? मायाक्काचा जीव हाय त्येच्यावर." एवढ्या लोकांत मी काय सांगणार होते? म्हणाले, "बघितलीय. सगळं व्यवस्थित आहे."

त्यानं हात जोडले. म्हणाला, श्रावणात मायाक्काला कुंभारीला तिच्या भैणीकडं ठेवायचा विचार होता, तिथून सोलापूर हाकेवर. आता कशाला ठेवायची, आपल्या गावातच गाडी आली.

दिवस छान गेला.

९ मे, गुरुवार

जीप काय, तात्याबांच्या पाहुण्यांची पालखी झालीय. दुधनीला लग्न, जीप. मैंदर्गीची जत्रा, जीप. काल लसीची पेटी घेऊन मी चावडीपुढं दोन तास ताटकळले, आणि जीप कुठं, तर तात्याबांच्या व्याह्यांना स्टेशनवर सोडायला. घसा कोरडा पडेस्तोवर बोलले. तात्याबा म्हणाले, "बरुबर हाय तुमचं, बाई. उद्यापासनं पुढच्या शीटवर तुमी."

आज पुढच्या सीटवर बसून गेले. चांगली पळते. कुंडलिक म्हणाला, पेट्रोल लई कमी खाते, दलालानं खोटं सांगितलं नव्हतं.

२७ जून, गुरुवार

काल दुपारी एक सर येऊन गेली. जेमतेम भुई भिजली असेल, तर चावडीमागच्या विहिरीजवळ जीपची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चौघांनी ढकलली तेव्हा निघाली. मी कुंडलिकला विचारलं, दुसरा दांडा टाकलास का? "टाकला की." मग पुढची चाकं का नाही फिरली? म्हणाला, "टायर गुळगुळीत झाल्यात, बाई. आनि तुमी जरा लांब व्हा, चिखल उडंल."

चिखल उडेल म्हणे. हा मला शिकवणार.

घरी येऊन भीमाचं पत्र काढलं. खाली वाकून बघायला काही फार लागणार नाही. पण भर चावडीपुढं नर्सबाई जीपखाली आडवी, हे काय दिसणं झालं? आणि पाडव्याला मीच ओवाळली, मीच चांगली म्हणाले. आता मीच शंका काढायची? टायरच असतील. टायर बदलायला सांगितलं पाहिजे.

४ ऑगस्ट, रविवार

हद्द झाली आज. गुरम्मा सुईण धनगरवस्तीवर जाऊन मायाक्काचं पोट चाचपून आली. मला न विचारता. सरकारी नर्स मी आहे की ती? आणि वर धुळाप्पाला सांगून आली, "बेडा, बेडा, हितं ठिवू नको, भैणीकडं कळीव." बेडा म्हणजे नको, कळीव म्हणजे पाठव, एवढं कानडी मलाही कळतं.

धुळाप्पा दवाखान्यात आला, उंबऱ्याच्या बाहेरच बसला. "गुरम्मा म्हंती पावसाच्या आदी हालवा. तुमी म्हनाल तसं, बाई." मायाक्का मागं उभी होती. ती कधी काही बोलत नाही.

माझा असा संताप झाला. म्हणाले, "मग गुरम्माकडूनच घ्या गोळ्या, गुरम्माकडूनच करून घ्या सगळं. गाडी कशासाठी घेतलीय? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" तो गडबडला. "तसं न्हाय बाई. तुमी खालनं बघिटलीय म्हनल्यावर आमाला काय." आणि मेंढरांचं कातरायचं काम आहे, मायाक्का इथं असली तर बरंच पडेल, असंही म्हणाला.

मायाक्का इथंच राहणार. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं. गुरम्मा समोर भेटली तेव्हा मी तोंड फिरवलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस झड. सूर्य दिसला नाही. मायाक्काला आजच हलवावं का? अजून आठ-नऊ दिवस आहेत. दिवस मोजण्यात मी कधी चुकत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

परवा लिहिता आलं नाही. आज लिहिते.

शनिवारी पहाटे मायाक्काला कळा सुरू झाल्या. सातला जीप वस्तीवर आली. मागचं बाक काढून गोधडी टाकली, तिला आडवी केली. पाय पुरेना, गुडघे दुमडून निजवावी लागली. मी तिच्या डोक्याशी. गुरम्मा न बोलावता येऊन मागं चढली. धुळाप्पा आणि वस्तीवरचे सातजण जीपच्या मागून चालत.

ओढ्याच्या अलीकडं, थेट त्याच जागी, मागची चाकं फिरली आणि खाली गेली. कुंडलिकानं दांडा टाकला. पुन्हा टाकला. इंजिन ओरडतंय, मागून चिखलाचे फवारे उडताहेत आणि पुढची चाकं दगडासारखी थंड. मायाक्का ओरडली नाही, दात आवळून होती.

मी उतरले. त्या चिखलात उताणी झोपले आणि जीपच्या खाली डोकं घातलं. कोण बघतंय, कोण नाही, काही मनात आलं नाही. भीमानं लिहिलं होतं तसंच सगळं होतं. मधली पेटी होती. मागं जाणारा शाफ्ट होता. पुढं काही नव्हतं. जिथं तो लागतो तिथं गोणपाटाची चिंधी बांधून वर ग्रीस थापलं होतं. बघायला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटंसुद्धा नाही.

घोंगडीची झोळी केली, बांबू घातला. आठ माणसांनी आळीपाळीनं खांदा देऊन ओढा उतरवली. पाणी छातीला. सडकेला पोचायला दुपार झाली. मालट्रकवाल्यानं थेट सोलापूरला आणलं. डॉक्टरांनी लगेच आत घेतली.

मुलगा होता. सगळी बोटं, नखं, केस. नुसता श्वास नव्हता. मायाक्काची पिशवी फाटली होती, काढावी लागली. ती वाचली. आता तिला मूल होणार नाही.

दलालाला जिवंत सोडू नये असं वाटतंय. कसला नीच माणूस. हात जोडत उतरला होता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

चावडीवर बैठक. या वेळी मला बोलावणं आलं, तेही खुर्ची टाकून. दलालाच्या नावानं सगळ्यांनी बोटं मोडली. तात्याबा म्हणाले, तालुक्याला अर्ज करू, बाईंनी चांगल्या भाषेत लिहावा. मी पेन काढला. "सदर वाहन घेताना आम्ही," इथवर लिहिलं आणि पुढं हात चालेना.

तेवढ्यात धुळाप्पा उठला. मेंढरांसाठी काल माघारी आलाय तो. शांतपणे म्हणाला, "दलालाचा काय संबंध? पाडव्याला बाईंनी गाडी खालनं बघिटली हुती. मला सोता सांगितलं त्येंनी. तवा शाफट हुता. मग कुटं ग्येला?"

 मग सगळ्या माना एकदम कुंडलिककडं वळल्या. गाडी सहा महिने त्याच्याच ताब्यात. तात्याबांचा पुतण्या म्हणाला, लोखंडाला भाव हाय आजकाल. कुंडलिकचा चेहरा पिठासारखा झाला. "आईची आन, म्या कदी खाली हातबी घातला न्हाय," म्हणाला. कुणीतरी त्याला ढकललं. दुसऱ्यानं कानाखाली दिली. त्याची म्हातारी मध्ये पडली म्हणून थांबलं. आता त्याला वाळीत टाकायचं का पोलिसात द्यायचं यावर रविवारी निकाल.

आणि मी खुर्चीत बसून होते. या माणसाचा मला राग आहे, सहा महिने आहे. तो उद्धट आहे, आळशी आहे. पण चोर नाही.

मी बोलले नाही. मी का बोलले नाही?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सोलापूरला गेले. मायाक्का खाटेवर होती, कुंभारीची बहीण म्हाळसाबाई पायाशी. मायाक्काचे दंड काडीसारखे झालेत. दूध आटवायला छातीला फडकं बांधलं होतं, तरी ते भिजलं होतं. मी म्हाळसाबाईला चहा आणायला पाठवलं आणि ती लांब गेली हे दारातून बघून सांगून टाकलं. "मायाक्का, पाडव्याला मी गाडी खालून बघितली नव्हती. धुळाप्पाला खोटं सांगितलं."

ती छताकडं बघत होती. म्हणाली, "ठावं हाय, बाई. म्या तितंच हुते की, बायकांच्या मागं. तुमी वाकलाच न्हाय."

मी म्हणाले, "मग बोलली का नाहीस? नवऱ्याला तरी सांगायचंस. तुझ्या जिवाचा प्रश्न होता."

"तुमी आरती करताना रडत हुता. पयल्यांदाच कुनी तुमाला म्होरं क्येलं हुतं. म्हनलं, आता मधी कुटं बोलायचं, बाईचा मान जाईल." मग म्हणाली, "त्येंनी तुमाला इचारलं तवा वाटलं, बाई सांगतील. भाद्रपदापातुर कवातरी बघतीलच की."

 दोन महिन्यांपूर्वी तिनं माझ्याकडं बघितलं होतं ते याच्यासाठी. आणि मी गुरम्मावर आग पाखडत होते, कुंडलिकावर, तात्याबांवर. जीव एवढ्याएवढ्यासाठी जळायचा, यानं मान दिला नाही, त्यानं खुर्ची दिली नाही. ताट दिल्याबरोबर गप्प बसले. एका आरतीच्या ताटात माझं सगळं शिक्षण मावलं.

म्हाळसाबाई चहा घेऊन आली. मी घेतला नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

चावडीवर सगळं गाव. मी खुर्चीवर बसले नाही. उभी राहून सांगितलं. मी गाडी तपासली नाही. खोटं बोलले. धुळाप्पानं विचारलं तेव्हाही, ऑगस्टात आला तेव्हाही. गाडी आली त्या दिवसापासूनच शाफ्ट नव्हता. कुंडलिकानं काही केलेलं नाही. मायाक्काला कुंभारीला जाऊ दिलं नाही ते मी. मूल गेलं ते माझ्यामुळं.

धुळाप्पा एकटा उठला. माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं मारेल, मारावं असंच वाटलं. तो कुंडलिकजवळ गेला, त्याच्या पायाला हात लावला, आणि काठी उचलून माळाकडं चालायला लागला. मागं वळला नाही.

मग तात्याबा उठले. डोळ्यांत पाणी त्यांच्या. "बाई, तुमी आमच्या बायकांसाटी चिखलात लोळला. आनि आता कुंडल्याला वाचवायला सोतावर घेताय. गाडीतलं तुमाला काय म्हाईत आसनार? शाफट म्हंजी काय ह्ये आमाला गड्यास्नी कळलं न्हाय."

मी म्हणाले, मला कळत होतं. माझ्याकडं लिहून आलं होतं. सगळं, एक एक गोष्ट. मी तुमच्या हातात दिलं होतं ते, तात्याबा.

ते मान हलवत राहिले. बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, पोरासाटी लई मनाला लावून घेतलंय. मी ओरडले, मला कळत होतं. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नसेन.

गोजरबाई पुढं आल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि मागं वळून सांगितलं, बाईला ताप हाय, चिखलात भिजल्या ना. दोघींनी दोन्ही दंड धरले. मला मायेनं घरी आणून निजवलं, कांबळं पांघरलं, दार ओढून घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर उठून थर्मामीटर लावला. पूर्ण दोन मिनिटं ठेवला, घड्याळ लावून. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. ताप नाही मला.